सोमसूत्राच्या पलीकडची वाट

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. बेलापूरच्या आमच्या घरी देवपूजा व्हायची ती शेजारची सून येऊन करून जायची म्हणून. कारण सांगतो. आदल्या साली मला मुदतीचा ताप आला आणि काही केल्या उतरेना. तेव्हा बायकोनं तिच्या माहेरच्या महादेवाला नवस बोलला, की हे उठले तर जोडीनं गडाला प्रदक्षिणा घालू. मी उठलो, आणि पुढच्या चैत्रात चार दिवसांच्या दुखण्यानं तीच गेली. मला उठवून तिला न्यायचं, हा कुठला न्याय? मूलबाळ नव्हतं. घरात भांडं पडलं तरी ते माझ्याच हातून पडलेलं असायचं, आणि ‘काय पडलं?’ म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. देवावर राग होता तरी नवस मात्र छळत राहिला. तो माझा नव्हता, तिचा होता. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तर ती परत देताना शिगोशीग देणारी बाई. तिचा शब्द देवापाशी अर्धवट राहिला, हे मला बघवेना.

भाद्रपद सरता सरता मी अकोल्याची एस.टी. धरली. गड भंडारदऱ्याच्या पलीकडे आहे. नाव सांगत नाही, कारण नाव कळलं की लोक चमत्कार शोधायला निघतात. पायथ्याला तिचं माहेरचं गाव आणि महादेवाचं जुनं देऊळ. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. माझ्या पिशवीत बेलाची पानं होती, तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली. जोडीनं बोललेला नवस एकट्यानं फिटतो का, हे मी गुरवाला विचारलं नाही. नाही म्हणाला असता तर मी काय करणार होतो?

सकाळी देवळापासून निघालो, गड उजव्या हाताला ठेवून. वाट गडाच्या कमरेनं जाते. वर ढासळलेला तट, एका बुरुजाची नुसती अर्धी भिंत, आणि दरवाजाची कमान, जिच्यातून आत जायला आता आतच काही नाही. पावसाळा ओसरला होता, तरी कड्यावरून धबधबे कोसळत होते. खाली भाताची खाचरं हिरवीगार होती. इतकं देखणं सगळं, आणि मला ते बघून रडू येत होतं. ती बरोबर असती तर नेहमीसारखी पुढं चालली असती आणि दर वळणावर थांबून म्हणाली असती, ‘आलात का, का पालखी पाठवू?’ एका वळणावर मी खरंच मान वर करून पाहिलं. तिथं एक बगळा होता, तोही उडाला.

दुपारच्या सुमाराला गडाच्या उत्तर अंगाला पोचलो. तिथला धबधबा खाली येऊन ओढा होतो आणि वाट त्या ओढ्यातून पलीकडे जाते. रुंदीला फारसा नव्हता, पण पाणी गढूळ आणि ओढ जबर. तापानं खंगलेले माझे पाय अजून पुरते सावरले नव्हते. मागं फिरावं तर नवस राहतो, पुढं जावं तर पाय टिकेल याची खात्री नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फारशी भीतीही वाटली नाही. वाहून गेलो तर गेलो, वाट बघणारं कोण आहे, असं मनात आलं. मी वहाणा काढून हातात घेतल्या आणि एक पाय पाण्यात घातला.

“पान्यात नगा उतरू!” पलीकडून हाक आली. डोक्यावर पानांचं इरलं घेतलेली एक बाई गवताचा भारा टेकून उभी होती. पाण्याच्या आवाजावर ओरडून तिनं विचारलं, “कुटं निगाला?”

मी सांगितलं, गडाला प्रदक्षिणा घालतोय, नवसाची.

“मंग हे ओलांडायचं न्हाई,” ती म्हणाली. “वर गडाव बी उघड्यावर म्हादेव हाय. त्येच्या पिंडीवरचं पानी हितं येतं. हितून माघारी फिरायचं.”

मी पाय काढून घेतला आणि तसाच उभा राहिलो. महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत, हे काय मला ठाऊक नव्हतं? पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, ते सोमसूत्र. ते ओलांडायचं नाही, तिथवर जाऊन उलट फिरायचं. आमच्या गावच्या देवळात मी लहानपणापासून तसाच वळत आलो. पण गडाला निघालो तो मारुतीला फेऱ्या घालायच्या थाटात. देवाशी अबोला धरला की त्याचे रिवाजही डोक्यातून जातात.

“एकलंच आला?” तिनं विचारलं.

“जोडीनं बोललो होतो. ती राहिली नाही.” मग बायकोचं माहेर सांगितलं.

“आमच्या गावची लेक व्हय? मंग तुमी आमचं दाजी,” ती म्हणाली. “असं करा. तुमी आल्या वाटंनं माघारी जावा. मला ह्या उगवतीच्या अंगानंच घरी जायचंय. तिच्या वाटणीची वाट मी चालते.”

मी निम्मा बेल पिशवीत ठेवला, निम्मा चिंधीत बांधून आत एक दगड घातला आणि पलीकडे फेकला. तो तिच्या पायाशी चिखलात पडला. तिनं तो उचलून कपाळाला लावला, भारा डोक्यावर घेतला आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

परतीची वाट तीच होती, कमान तीच, बुरुज तोच. एकटाही तितकाच होतो. पण गडाच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी चालत होतं, आणि मला ते सारखं जाणवत होतं. दोनदा दम लागून बसलो, तेव्हा ती पुढं गेली असेल, असं वाटून पुन्हा उठलो.

देवळात पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पिंडीवर बेल वाहिलेला होता. बाहेर नंदीच्या पाठीवर ती चिंधी, चिखल धुऊन, पिळून वाळत घातलेली. मी नंदीला टेकून बसलो आणि पोटभर रडलो. मग माझा बेल तिच्या बेलाशेजारी वाहिला आणि सहा महिन्यांनी देवाला म्हणालो, “आलो आम्ही.” गुरवाला त्या बाईबद्दल विचारलं, तर म्हणाला, “इरलं घेतल्यावर आमच्या समद्याच बाया सारख्या दिसत्यात.” मी जास्त खोदून विचारलं नाही. ती कोण होती, हे मला आजही ठाऊक नाही, आणि ते ठरवायचं काम माझं नाही असं वाटतं.

एकटेपण गेलं, असं म्हटलं तर खोटं होईल. भांडं अजून माझ्याच हातून पडतं. पण सगळी वाट आपणच चालायची असते, हा हट्ट त्या ओढ्यापाशी सुटला. आपल्याला नेमून दिलं तिथवर जायचं आणि वळायचं, उरलेलं देवावर सोपवायचं. सोमवारी मी गावच्या महादेवाला जातो, सोमसूत्रापाशी थांबतो. पूर्वी नुसता वळायचो. आता क्षणभर पलीकडे बघतो, ती आली असेल म्हणून, आणि मग वळतो.