सिस्टरांच्या डब्यातल्या चकत्या
नववीत असताना मी चर्चमधला देव खाल्ला. तव्यावर पोळी करपली, की नव्वदच्या दशकातली ती दुपार अजून आठवते. तिसगावजवळच्या आमच्या मिशन हायस्कुलातल्या गणिताच्या सिस्टर मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत प्रसाद म्हणून द्यायला, गव्हाच्या पातळ चकत्या भाजायच्या. वह्या पोचवायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, तर खरपूस वास सुटलेला; डब्यातल्या दोन चकत्या तोंडात टाकल्या. सोबतच्या ख्रिस्ती दोस्ताचा चेहराच उतरला. “आरं, त्यो देव हाय. चावलास व्हय? मंग तोंडातून रगात येनार.” मी ओठ घट्ट मिटून थुंकी गिळत राहिलो. गणिताच्या तासाला जीभ खारट लागली आणि मी रडतच सगळं कबूल केलं. सिस्टरांनी माझं तोंड उघडून पाहिलं. “मिस्साच्या आधी ती नुसती कणीक असते,” त्या म्हणाल्या. “तुझ्या डोक्यात होतीच, आता पोटातही गेली.”