गोखरूची बाटली

शिराझच्या अर्कवाल्यांच्या गल्लीत कुजबुज होती की फरामर्जचं झोपलेलं मूत्रपिंड डॉक्टरांनी नाही, त्याच्या बायकोने जागं केलं. गोखरूच्या अर्काची बाटली बुरख्याखालून दवाखान्यात नेऊन. गल्लीतल्या भटारखान्यातल्या तूरानने म्हणे ती पाजताना डोळ्यांनी पाहिली. तूरान त्या दिवशी गल्लीतच भांडत होती, तो भाग वेगळा.

त्याची बायको गुलअंदाम खानम चाळीस वर्षं तांब्याच्या भट्टीवर अर्क उतरवायची. कुणाचं पोट, कुणाची झोप, कुणाची सासू; प्रत्येकावर तिच्याकडे एक बाटली. पण नवऱ्याचं यकृत गेलं, पाठोपाठ मूत्रपिंडंही गेली, तेव्हा ती नुसती बघत राहिली. शेवटी कुणा मृताच्या घरच्यांनी यकृत दिलं, मूत्रपिंड दिलं, आणि दोन्ही एकाच दिवशी बसवली. यकृत लगेच कामाला लागलं. डोळ्यांचा पिवळेपणा आठवड्यात ओसरला. मूत्रपिंड मात्र ढिम्म.

"यकृत बसेपर्यंत ते बर्फात ताटकळलं, खानम," डॉक्टर सोतूदे बाई म्हणाल्या. "झोपलंय."

"उठेल ना?"

"बहुतेक उठतात."

"आणि नाहीच उठलं तर?"

"मग डायलिसिस चालूच. कायमचं."

खाटेला लटकलेल्या लघवीच्या पिशवीत ती दिवसातून दहादा डोकावायची. चहाचा पेलाही भरला नसता.

"कुणा कंजूस इस्फहानी माणसाचं दिसतंय," फरामर्ज म्हणाला. "हातचा थेंब सोडत नाही."

"गप्प बसा. ज्याने दिलं त्याचीच टवाळी?"

"टवाळी कुठली, परत मागायला येईल म्हणून भितोय!"

पंधराव्या दिवशी डायलिसिसवरून आणला तेव्हा त्याचे विनोद आटले होते. पाय उशांसारखे सुजलेले.

"गुलअंदाम, अख्ख्या गल्लीला मुतवलंस तू. मला एक घोट दे ना."

बाटली पहिल्या दिवसापासून तिच्या हातातल्या थैलीत होती. पण डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, झाडपाल्याचं काही पोटात गेलं तर गोळ्यांचा मेळ बिघडेल आणि चालतंय ते यकृतही जाईल. तिने बूच काढलं. त्याने लहान पोरासारखं तोंड उघडलं. तिने बाटली त्याच्या ओठांपर्यंत नेली आणि तिथेच धरून ठेवली.

"माझ्यावर विश्वास नाही, की तुझ्याच अर्कावर?" तो म्हणाला.

बाविसाव्या दिवशी भर दुपारी लघवीची पिशवी अर्धी भरली. पुढच्या आठवड्यात डायलिसिस थांबलं. तो घरी आला आणि गल्लीत गोखरू मिळेनासा झाला. गुलअंदाम सगळ्यांना सांगायची, "अहो, मी काही केलं नाही." लोक डोळे मिचकावून म्हणायचे, "बरं, बरं!" तूरानने दोन बाटल्या नेल्या.

फरामर्जच्या पोटात अर्काचा थेंबही गेला नाही. तिने नाही म्हटलं, त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि तिने बाटली मोरीत ओतली. पुढचे सात दिवस ती त्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होती. मूत्रपिंड आपलं आपण चालू झालं. बाविसाव्याच दिवशी का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.