दारावरचा पोचा

जुनी पिकअप मी अंगणातच, सुटीच्या दिवशी, परवडेल तशी दुरुस्त केली. परवा तिचे आधीचे मालक सहज बघायला आले. बोलता बोलता म्हाताऱ्याचा हात दारावरून फिरत राहिला, काहीतरी शोधत असल्यासारखा.

"इथला पोचा काढलात?"

"हो. पुट्टी भरली. फार खराब दिसत होतं."

"आमच्या हिनं गाडी शिकताना गोठ्याच्या खांबावर घातली होती. मी फार बोललो तिला." त्याच जागी तळहात टेकवून ते म्हणाले, "ती गेल्यावर मात्र तो बुजवावासा वाटला नाही."

"मला माहीत नव्हतं, काका."

"तुम्हाला कसं माहीत असणार? छान झालीय गाडी."

व्यवहाराच्या वेळी मी इंजिनाबद्दल, टायरांबद्दल खोदून खोदून विचारलं होतं. गाडी विकताना त्यांना कसं वाटतंय, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.