दसऱ्यानंतर अडकलेली नळी

माणूस गेलं तरी त्याचा वावर घरातून जात नाही. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात काकांच्या घरात हा वावर भिंतीतल्या प्लगना लावलेले टायमर सांभाळत असत.

भारतात जाताना चोरांना घरात कोणीतरी आहे असं वाटावं, म्हणून काकूंनी ते बसवले होते. दिवेलागणीला आधी देवघरातला दिवा लागे, मग स्वयंपाकघरातला, मग वरच्या बेडरूममधला. त्या वर्षी मार्चमध्ये काकू गेल्या. टायमर चालू राहिले. काकांनी ते काढले नाहीत आणि मीही कधी विषय काढला नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे बसलं की न बघता कळायचं, आत्ता काकू ओट्यापाशी आल्या, आत्ता वर गेल्या. पहिल्यांदा वरचा दिवा लागला तेव्हा मी जिन्याकडे पाहिलं होतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मान वळली.

नात्याने ते माझे कोणी नव्हेत. मी टेक्सासमध्ये नोकरीला आलो तेव्हा मला दर रविवारी जेवायला बोलवत, म्हणून काका-काकू. शोकसभेत इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी काकूंना संस्कृतीचा दीपस्तंभ म्हटलं. ते बरंच लांबलं. काकू असत्या तर मध्येच उठून त्यांनी किती पानं घ्यायची ते विचारलं असतं.

हॉस्पिटलमध्ये असताना त्यांनी काकांकडून एकच वचन घेतलं होतं, सिगरेट बंद. काका पूल बांधणारे इंजिनीअर, आता निवृत्त. वचन त्यांनी तिथल्या तिथे दिलं आणि काकू गेल्यावर थोड्याच दिवसांत ते कोसळायच्या बेताला आलं. गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे एक न फोडलेलं पाकीट होतं. मला ते त्यांनीच दाखवलं. म्हणाले, "असू दे. ते आहे म्हणून ओढत नाही."

ई-सिगरेट तेव्हा नवीनच होती. इंटरनेटवरून मागवलेल्या एकीची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना, तेव्हा मी एका बारीक टॉर्चची नळी घेतली, तिच्यात मोठी बॅटरी बसवली आणि वरच्या टोकाला वाफ करणारा भाग जोडला. आत सर्किट वगैरे काही नाही. बुडाशी बटण. ते दाबलं की पितळेची खीळ वर सरकून बॅटरीला टेकते, वरच्या टोकातली तार तापते, वाफ येते. बोट काढलं की स्प्रिंग खिळीला मागे ढकलते. काका तिला नळी म्हणत. त्या नळीच्या आधारावर वचन उन्हाळाभर टिकलं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"अरे, नळी दगावली."

"म्हणजे?"

"दाबली की कधी पेटते, कधी नाही. पेटली तरी मिणमिणते. दसऱ्यापासून असंच चाललंय." मग जरा थांबून म्हणाले, "मी गॅरेजमध्ये बसलोय."

मी मीटर घेतला आणि निघालो.

काका घडीच्या खुर्चीवर बसले होते. पाकीट मांडीवर, त्यावरचं प्लास्टिक शाबूत.

"फोडलं नाहीत ना?"

"अजून नाही. तुला ट्रॅफिक लागला असता तर सांगता येत नाही."

आम्ही आत डायनिंग टेबलाशी बसलो. पाकीटही आमच्याबरोबर आलं. मी बॅटरी मोजली, पूर्ण भरलेली होती. वाफेचा भाग बदलून पाहिला, फरक नाही. आटे पुसले, वरच्या टोकाचा संपर्क घासला. बटण दाबलं की एकदा तार लाल व्हायची, पुढच्या वेळी काहीच नाही, आणि त्यापुढच्या वेळी अर्धवट धुगधुगी.

काका बराच वेळ बघत होते.

"एक सांगू? हसायचं नाही."

"नाही हसत."

"ही तिची हरकत आहे. वचन सिगरेटचं होतं. मी पळवाट काढली. तिला माझ्या पळवाटा बरोबर कळायच्या."

"हरकत असती तर काकू इतके महिने गप्प बसल्या असत्या का?"

"दसऱ्यापर्यंत थांबली. सणासुदीला विषय काढायची तिला सवयच होती."

मी पुन्हा नळी हातात घेतली. इतक्यात स्वयंपाकघरातला दिवा लागला. टायमर आहे हे मला माहीत होतं, काकांनाही होतं. तरी माझा हात नळीवरच थांबला, आणि काका ओट्याकडे असे पाहत राहिले, जसं कोणी आपलं बोलणं संपवून समोरच्याच्या उत्तरासाठी थांबतं. फ्रिज घरघरत होता.

उघडायचं राहिलं होतं ते बुडाचं बटण. मी ते पिळून काढलं. आतली स्प्रिंग लाल होती.

खीळ बाहेर काढून मी पेपर नॅपकिनवर ठेवली. तिच्याभोवती लाल-पिवळा चिकट लगदा बसला होता. त्याला समईच्या तेलाचा वास येत होता.

"काका, हे काय?"

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"पूजा केली मी."

दसऱ्याला काकू घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करत. मिक्सर, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, गाडी, सगळ्यांना हळद-कुंकू. या वर्षी ते काकांनी केलं.

"तिच्यासारखंच केलं सगळं. ती बोट बटणावरच टेकवायची. यंत्र जिथे सुरू होतं तिथेच लावायचं, म्हणायची. आधी समईची वात सारली, मग हीच बोटं घेऊन लावत सुटलो."

मिक्सरला याने कधी काही झालं नव्हतं. नळीच्या बटणाभोवती मात्र फट होती, माझ्याच हातून राहिलेली.

"म्हणजे ती नव्हे," काका म्हणाले.

बिघाड सापडल्यावर इतका हिरमुसलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नॅपकिनवरचा लगदा त्यांनी चिमटीत घेतला आणि बोटांवर चोळत बसले. मी स्पिरिट आणि कापूस घेऊन खीळ, स्प्रिंग आणि नळीचं बूड साफ केलं, सगळं पुन्हा जोडलं आणि बटण दाबलं. तार लगेच लाल झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा झाली.

मी नळी त्यांच्यापुढे धरली. ती घेऊन काका उठले, पण ओढली नाही. दुसऱ्या हातात पाकीट घेऊन ते सिंकपाशी गेले, प्लास्टिक फाडलं आणि पाकीट नळाखाली धरलं. तपकिरी पाणी येईपर्यंत धरलं. मग देवघरात जाऊन नळी काकूंच्या फोटोपुढे ठेवली.

"आता हेही बंद," ते म्हणाले. "कुंकू कुठे का लागेना, मला समजायचं ते समजलं."

त्यांचा आवाज स्थिर होता. मला हसू आलं नाही. आम्ही तसेच उभे असताना वरच्या बेडरूममधला दिवा लागला, आणि आम्ही दोघांनीही वर पाहिलं.

सोमवारी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. फोटोपुढे ठेवलेली नळी पुन्हा अडकत होती आणि घरातलं स्पिरिट संपलं होतं. काकूंच्या कपाटात नेलपॉलिश रिमूव्हर आहे, तो चालेल का, असं विचारत होते.

चालतो.