आमचं गाव दुसऱ्या फ्रेमवर्कवर नेताना

मी आणि माझा मावसभाऊ मिळून इंटरनेटवर एक खेळ चालवत होतो. खेळ म्हणजे एक गावच, एका मोठ्या कंपनीच्या खेळाच्या आत आम्ही वसवलेलं. त्याचा कोड तो अकोल्याला, जुन्या शहरातल्या त्याच्या घरी बसून लिहायचा. गावची देखरेख मी अमरावतीहून करायची. शे-दीडशे माणसं तिथं रोज येत. कुणी पोलीस, कुणी मेकॅनिक, कुणी नुसतंच चौकात उभं राहून गप्पा हाणणारं. सगळे आपल्याकडचे. त्यामुळे खेळातला पोलीस गाडी अडवून "कुठी चालला बे?" असंच विचारायचा.

मग भावाला सरकारी नोकरी लागली, लग्न झालं आणि त्यानं यातून अंग काढून घेतलं. मी एकटी उरले. मी कॉलेजात संगणक शिकवते, त्यामुळे रोजचं भागत होतं. पण आमचं गाव ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यावर, उभं होतं, ते बनवणाऱ्यांनी त्याची दुरुस्ती सोडून दिली. कोणतं घर कुणाचं, गाडी कुणाची, कोण कोणत्या कामावर, हे सगळं तेच सांभाळायचं. कंपनीच्या मूळ खेळाची नवी आवृत्ती आली की गाव बंद पडणार, हे दिसत होतं. दुसऱ्या फ्रेमवर्कवर जाण्यावाचून इलाज नव्हता.

एका रविवारी सकाळी सर्व्हर बंद केला, डेटाबेसची प्रत काढली आणि सगळ्यांच्या नोंदी नव्या पद्धतीत बसवणारी माझी स्क्रिप्ट चालवली. चूक एकही दाखवली नाही. दुपारी मी हौसेनं गाव उघडलं.

पाच मिनिटांत आरडाओरडा सुरू झाला. पोलिसाच्या अंगावर डॉक्टरचा कोट होता. चांदूर बाजारच्या दोन बहिणींचं घर तिसऱ्याच्याच किल्लीनं उघडत होतं. जुन्या पद्धतीत खात्यावरून माणूस ओळखला जायचा, नव्या पद्धतीत प्रत्येक पात्राला वेगळा क्रमांक होता, आणि माझ्या स्क्रिप्टनं ते क्रमांक एकमेकांत घालून ठेवले होते. मी घाईघाईनं सर्व्हर बंद केला. सकाळी काढलेली प्रत परत चढवायला गेले, तर ती अर्धीच निघाली. डिस्क भरल्यामुळे ती मध्येच थांबली होती आणि मी ती उघडून पाहिलीच नव्हती.

आणि मी खोटं बोलले. आमच्या ग्रुपवर लिहिलं, 'जिथं सर्व्हर भाड्यानं घेतला आहे, तिथंच बिघाड झाला आहे. कळ काढा.' लोकांना ते खरं वाटलं. "घाबरू नका ताई, आमी थांबतो," असं चारपाच जणांनी लिहिलं. ते वाचून मला रडू फुटलं.

मंगळवारी रजा टाकून अकोल्याची बस धरली. भाऊ ऑफिसातून येऊन नुकताच जेवून उठला होता. मी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. त्यानं दहा मिनिटं माझी स्क्रिप्ट वाचली.

"ताई, तू जित्त्या डेटाबेसवरच चालवली का?"

"हो."

"एका कॉपीवर चालवून पाह्यची ना पहिले! काहून नाही पाह्यली?"

"वाटलं, बरोबर आहे."

"मले एक फोन करता येत नव्हता?"

"तू म्हणाला होतास, आता मला यातलं काही विचारू नको."

आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "काय झालं वो?" मला वाटलं, तो आता लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवणार. पण तो जुन्या फायली चाळत राहिला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी एक लॉग लावला होता. कोन कोन्तं दार उघडते, कोन्ती गाडी काहाडते, सगळं लिवून राहाते त्याच्यात."

एवढाच आधार होता. जो माणूस जे दार रोज उघडत आला, ते घर त्याचं. जी गाडी रोज बाहेर काढत आला, ती गाडी त्याची. तीन आठवडे, तो ऑफिसातून आल्यावर आणि मी कॉलेज सुटल्यावर, फोनवर बोलत आम्ही एकेक माणूस पुन्हा जुळवला. कित्येकदा वाटलं, सोडून द्यावं. घरं, गाड्या बऱ्याचशा जमल्या. कपाटात ठेवलेलं सामान, एकमेकांना दिलेल्या भेटी, दुकानांवरचे हातानं रंगवलेले फलक गेले ते गेलेच.

गाव उघडण्याआधी भाऊ म्हणाला, "खरं सांगून टाक त्यायले." मी लिहिलं. चूक माझी होती, बिघाडाची गोष्ट खोटी होती, हे दोन्ही. लोकांनी सामान गेल्याचं फारसं मनावर घेतलं नाही; खोटं बोलल्याचं घेतलं. कितीतरी जण ग्रुप सोडून गेले. थांबतो म्हणणाऱ्यांपैकी दोघे त्यांत होते.

गाव उघडलं त्याच दिवशी तिवश्याहून एका काकांचा फोन आला. त्यांनी आयुष्यभर बस चालवली होती. अर्धांगवायूनं डावी बाजू गेल्यावर मुलीनं त्यांना आमच्या खेळात आणलं होतं. ते एका हातानं कीबोर्डवर खेळातली बस चालवायचे, रोज सकाळी अकराची. एकूण किती फेऱ्या मारल्या, तो आकडा त्यांच्या नावापुढे दिसायचा. फेऱ्यांची नोंद फक्त डेटाबेसमध्ये होती, लॉगमध्ये नव्हती.

"जयभीम बाई. माह्या फेऱ्या दिसून नाही राहिल्या."

मी सगळं सांगितलं. मग मीच म्हणाले, "काका, तुम्हाला आठवतात तेवढ्या सांगा. मी आत्ता टाकते."

"तुमी टाकान त्या फेऱ्या मी कुठी मारल्या बाई? राहू द्या. शून्य ठेवा."

फोन बंद झाला. त्यानंतर आठ दिवस ते आले नाहीत. अकराला मी खेळातल्या बसस्टँडवर जाऊन उभी राहायची. बस रिकामी उभी असायची. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "त्यायच्यासाठी आता काहीच लिवता येत नाही ताई."

नवव्या दिवशी बसचं इंजिन सुरू दिसलं. मी धावत जाऊन चढले. प्रवासी मी एकटीच. त्यांच्या नावापुढे शून्य होतं. वळणं ते अगदी सावकाश, पूर्वीसारखी घेत होते. मी बोलायला दोनदा माइक सुरू केला आणि दोनदा बंद केला. शेवटच्या थांब्यावर त्यांनी दार उघडलं. नावापुढच्या शून्याचा एक झाला.

"उतरा बाई. गाडी इथलोकच आहे."