बुढी मुकी नव्हती

बुढी गेली तेव्हा लोक म्हणाले, सोन्यासारखी गेली. लेकाच्या घरी, पंख्याखाली, नातीन जवळ असताना. मी ऐकून घेतलं. तेराव्याच्या पंगतीत बसलेल्या माणसाला काय सांगायचं? त्याच्या पानावर भात असतो, त्याला बुढीशी काही घेणंदेणं नसतं. पण मी चौथी शिकलो आहे, हात चालतो, डोकंही अजून ठिकाणावर आहे. म्हणून जे झालं ते लिहून ठेवतो. गोड करून लिहिणार नाही.

बुढी म्हणजे माझी बायको. आमच्या इकडे बायको म्हातारी झाली की तिला बुढीच म्हणतात, त्यात अपमान नाही. गाव आमचं नवेगाव बांधाच्या अंगाला. तलावाचं पाणी शेतातल्या बांध्यांत, म्हणजे वाफ्यांत येतं, त्यावर धान होतो. लेक एकच. तो गोंदियात नोकरीला लागला आणि फुलचूरला दुसऱ्या माळ्यावर घर घेऊन राहिला. सूनही नोकरी करते. नातीन झाली, सुनेची सुट्टी संपली, तेव्हा लेक गाडी घेऊन आला. पोर बुढीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "माय, थोडेच दिवस."

ते थोडे दिवस पोरगी शाळेच्या वयाची होईपर्यंत चालले.

रोवण्याच्या दिवसांत बुढी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या कडेच्या मोहाच्या झाडाला लुगड्याचा झोळणा बांधायची आणि पोरीला त्यात टाकून चिखलात उतरायची. वाकून धानाचे पऱ्हे रोवता रोवता तोंड चालूच. "थो पाय, बगळा आला. तुह्या आज्यासारखा आहे. एका पायावर उभा राहून दुसऱ्याच्या कामाकडे पायते." रोवणाऱ्या बाया खिदळायच्या. मी धुऱ्यावर उभा असायचो, ऐकलं नाही असं दाखवायचो.

पोरीला कांजण्या निघाल्या तेव्हा घरात देवी आली म्हणून बुढीने चुलीवर फोडणी बंद केली. पोरीच्या अंगावरच्या खपल्या गळेपर्यंत मी बिनफोडणीचं वरण खाल्लं. एकदा कुरकुरलो तर म्हणाली, "तुमाले जिभेची पडली आहे. बाहेर जाऊन खा, आन मंग घरात येऊ नका."

पोरगी बोलायला लागली ती बुढीसारखीच. तिचा बाप बुढीला माय म्हणायचा, म्हणून तीही मायच म्हणायची. एकदा दुकानात गूळ घ्यायला गेलो तर तराजूचा काटा हलत होता. पोरगी दुकानदाराला म्हणाली, "काऊन गा, तुह्या काट्याले खोकला झाला का?" गावभर ती गोष्ट झाली. बुढी कोणी भेटलं की सांगायची, आणि प्रत्येक वेळी थोडं मीठ जास्त घालायची.

मग शाळेसाठी पोरीला नेलं. तिकडे ती जेवेना. माय पाहिजे म्हणून रडायची. तेव्हा लेक परत आला आणि बुढीलाही घेऊन गेला. मला कोणी विचारलं नाही. जोडीतला एक बैल न्यायचा असला तर दुसऱ्याला विचारतात का? मी हाताने भात शिजवायला शिकलो. पहिले काही दिवस करपवला, तोही खाल्ला.

पहिल्या वर्षीच शाळेतून बोलावणं आलं. पोरगी वर्गात बाईंना म्हणाली होती, "काऊन व, कायले खेकसून राहिली?" बाईंनी लेक-सुनेला बसवून विचारलं, घरात असं कोण बोलतं? त्या दिवशी मी तांदळाचं पोतं पोचवायला फुलचूरला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

सून म्हणाली, "आई, तुम्ही तिच्याशी जरा नीट बोलत जा ना. शुद्ध मराठीत, नाहीतर हिंदीत. बाकी पोरं हसतात तिला."

बुढी म्हणाली, "मंग मी आता कशात बोलून राहिली?"

लेक मान खाली घालून जेवत होता. "माय, थे आपली गावची बोली. गावात चालते. इथं नाही चालत."

हे तो गावच्याच बोलीत म्हणाला. मी म्हणालो, "तू याच बोलीत शिकला आन नोकरीवर लागला. तुले कोन हसलं?"

"हसले ना, बाबा," तो म्हणाला. "तुमाले सांगितलं नाही."

मी ताटात हात धुवून उठलो.

बुढीने आधी हिंदी करून पाहिली. टीव्ही पाहून दोन-चार वाक्यं उचलली. "खाना खा ले" म्हणायची, पण "खा ले" नंतर आमचं "व" यायचंच, आणि पोरगी हसून लोळायची. सुनेला हसू येत नसे. तेव्हा बुढीने ठरवलं की आपण बोलायचंच नाही. आपल्या तोंडामुळे पोरीचं नुकसान होतं, तर तोंडच बंद. भांडली नाही, रुसली नाही. ताट वाढायची, बोटाने दाखवायची. वेणी घालायची, मान इकडे वळव हेही हाताने सांगायची. पोरगी म्हणायची, "माय, सारसाची गोष्ट सांग ना व." बुढी ओठांवर बोट ठेवायची. हळूहळू पोरीने मागणं सोडलं. पुढे सुनेने शिकवलं तशी ती माय सोडून दादी म्हणायला लागली.

हे मला कसं माहीत? बुढीच सांगायची. दुपारी खाली पाण्याच्या टाकीपाशी जाऊन मला फोन करायची आणि मग धरण फुटल्यासारखी बोलायची. कोंबड्या किती झाल्या, घरामागच्या सांदवाडीत वालाच्या वेलाला फूल आलं का, कोणाच्या सुनेने काय केलं. मी म्हणायचो, "कायले राहून राहिली तिथं मुकी होऊन? चाल घरी."

"पोरीची वेणी कोन घालन?"

"तिची माय आहे ना."

"तिच्या मायले सकाळी डबा आहे, बस आहे. तुमाले काय कळते? तुमचे तं केसच नाही."

एवढं बोलून फोन ठेवायची आणि वर जाऊन पुन्हा मुकी.

मग शाळेत आजी-आजोबांचा दिवस निघाला. मलाही बोलावलं. धुतलेलं धोतर, टोपी घालून गेलो. आम्हा म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसवलं, गुलाबाचं एकेक फूल दिलं. नातीन स्टेजवर आली आणि घडाघडा बोलायला लागली. एकही शब्द आमचा नाही. "माझी आजी खूप प्रेमळ आहे. तिच्या डोळ्यांवर जाड चष्मा आहे. ती मला रोज परीच्या गोष्टी सांगते. सुट्टीत ती माझ्यासाठी लाडू आणि करंज्या करते."

बुढीने मला कोपर मारलं. "अवो, कोनाची बुढी सांगून राहिली थे?"

"तुही."

"माही? मी कवा चष्मा लावली?"

तिला चष्मा नव्हताच. शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची. मी म्हणालो, "चूप बस. टाळ्या वाजव, सारे वाजवून राहिले."

तिने वाजवल्या. बाकीच्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालू होत्या.

तेवढ्यात बाई माइक घेऊन आल्या. "आजी, नातीबद्दल दोन शब्द बोला." माइक बुढीच्या तोंडापाशी धरला. बुढीने सुनेकडे पाहिलं. सून हसत होती, पण तिने मान अगदी थोडीशी हलवली, नको म्हणून. मी पाहिलं. बुढीने हात जोडले आणि डोकं खाली घातलं. बाई माइकवर म्हणाल्या, "आजी लाजल्या." सगळे हसले. जी बाई रोवण्यात सगळ्यांच्या आधी गाणं उचलायची, मासे विकणारीशी घासाघीस करून तिलाच रडवायची, ती लाजली. पोरगी स्टेजवरच उभी होती. हसली नाही. बुढीकडे पाहत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी बुढीला म्हणालो, "पिशवी भर. आत्ताच चाल." ती म्हणाली, "पोरीची परीक्षा होऊ द्या." परीक्षा झाली, दुसरी आली. बुढी काही आली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिला ताप भरला. दवाखाना झाला, सलाइन झालं. घरी आणल्यावर मी गेलो तेव्हा पोरगी खाटेच्या पायाशी उभी होती. सून म्हणाली, "दादी से बात करो, बेटा." पोरगी म्हणाली, "दादी, कैसी हो?" बुढीने डोळे उघडले आणि म्हणाली, "अच्छी हूँ." आपल्या नातिणीशी बोललेले तिचे हे शेवटचे शब्द, आणि तेही तिचे नव्हते. मला मात्र नंतर म्हणाली, "वालाले मांडव करा, वेल खाली पडला असन." दुसऱ्या दिवशी गेली.

गावी आणली. तेरवी केली. अंगणात पंगत बसली, लेक बादली घेऊन भात वाढत होता. मी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, एका बाजूला बसलो होतो. नातीन जवळ आली. खांबाला नख लावत हळूच म्हणाली, "आबाजी, माय माह्यावर काऊन रुसली होती?"

शब्द न् शब्द बुढीचा. इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे.

"कोन म्हनते रुसली होती?"

"बोलेच नाही ना माह्यासंग. त्या दिवशी शाळेतबी नाही बोलली. माह्यं काय चुकलं होतं?"

मी लेकाला हाक मारली. तो बादली घेऊनच आला. मी पोरीला म्हणालो, "मले विचारलं थे याले विचार." तिने विचारलं. त्याच बोलीत, तेच. दारातून सून म्हणाली, "बेटा, ठीक से बोलो." लेकाने तिच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता सांगेल. पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "भात आना गा इकडे." लेकाने बादली उचलली आणि गेला.

मग मीच सांगितलं. "तुही माय रुसली नव्हती. तिले बोलू नाही देल्लं."

"कोनं?"

मी बोटाने दाखवलं. आधी पंगतीत वाकलेल्या तिच्या बापाकडे, मग दारात उभ्या तिच्या आईकडे. दोघांनीही पाहिलं.

नातेवाईक म्हणाले, तेरवीच्या दिवशी लेकराच्या मनात असं भरवू नये. खरं सांगायला चांगला दिवस पाहायचा असतो, हे मला चौथीपर्यंत कोणी शिकवलं नाही. संध्याकाळीच ते तिघं गाडीत बसून गेले. पोरगी मागच्या काचेतून पाहत होती. तेव्हापासून लेकाचा फोन नाही. मीही केला नाही. करणारही नाही. वालाला मांडव मात्र केला.