गौतमच्या शालींची वाकळ

सकाळी चहा गाळत होतो, तेवढ्यात शांताचा फोन आला. शांता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गौतमची बायको. ती एवढंच म्हणाली, "आण्णा, या. हे उठंनात..." मंगल कार्यालयाच्या गेटवरची रात्रपाळी संपवून गौतम घरी आला होता. बूट काढायला पायरीवर बसला, एक काढला आणि दुसरा पायातच राहिला. तो मी जाऊन सोडला. ज्या पायानं कॉलेजला फुटबॉलचा कप आणून दिला, तोच तो डावा पाय. दुपारी कॉलेजची माणसं आली, त्याच्या अंगावर शाल घातली, फोटो काढला आणि "मोठा खेळाडू गेला" म्हणत निघून गेली. हा मोठा खेळाडू कुठल्या पाळीवरनं आला होता, हे एकानंही विचारलं नाही.

त्याला दीड महिना होत आला. पुण्यानुमोदनाला लोक चांगलं चांगलं बोलले. मला तिथं बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. मी चौथी शिकलेला, सगळा जन्म मागावर टॉवेल आणि चादरी काढण्यात गेला. गोड लिहायला मला येत नाही, आणि आता शिकायचंही नाही.

आमचा बाप जेऊरकडनं सोलापुरात आला तो हमालीला. घरात एक तरी ग्रॅज्युएट व्हावा, एवढी एकच त्याची हौस. मी थोरला, मी मागावर गेलो. गौतम कॉलेजात गेला. अनवाणी खेळायचा तेव्हापासून चेंडू त्याच्या पायाला चिकटायचा. कॉलेजनं त्याला बूट दिले, फी माफ केली, आणि आमच्या वस्तीतली माणसं पहिल्यांदाच त्या मैदानाच्या कट्ट्यावर बसून शिट्ट्या मारायला लागली. बापसुद्धा जायचा. खेळातलं त्याला काहीच कळायचं नाही, पण सगळे ओरडले की शेजारच्याला कोपर मारून सांगायचा, "आमचाच हाय त्यो, डावखुरा."

मग शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. संध्याकाळी मी विचारलं, "पेपर कसा गेला रं?"

"दिला न्हाय, आण्णा."

"का? ताप आला व्हता?"

"खेळाचे सर म्हणले, पास झालास की टीममधनं जाशील. यंदा ऱ्हाऊ दे, एक वर्स अजून खेळ. कप आला की नोकरीचं माझ्याकडं लागलं."

मला वाटलं, हा एकटाच फसला. तसं नव्हतं. त्या काळी ती रीतच होती. चांगला खेळणारा पोरगा पास झाला की टीमचं नुकसान, नापास झाला की फायदा. मी जिमखान्यात जाऊन सरांना विचारलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. असा पोरगा कधी वाया जातो होय?" मी चहा घेतला नाही. बाहेर गौतम उभा होता. तो माझ्यावरच चिडला. म्हणाला, "सरांचा अपमान केलासा तुमी."

पुढच्या वर्षी कप आला. नोकरी आली नाही, सर मात्र परत तेच म्हणाले, एक वर्ष अजून... मग गुडघा गेला. मग बाप गेला, ग्रॅज्युएट न बघताच. एका बँकेनं खेळाडूंसाठी जागा काढल्या तेव्हा गौतम इस्त्रीची पँट घालून गेला. तिथल्या साहेबानं त्याला ओळखलं, उठून हात मिळवला आणि मग पदवी विचारली. खेळाडूच्या जागेलासुद्धा पदवी लागत होती. घरी येऊन गौतम हसत सांगत होता, "आण्णा, सायबाला माझा गोल पाठ हाय की!" त्याला हसता आलं. मला अजून येत नाही. पुढं बर्फाचा कारखाना, तेलाचं गोडाऊन आणि शेवटी ते मंगल कार्यालयाचं गेट. सर रीतसर रिटायर झाले. ते आता नाहीत, पण त्यांची पेन्शन घरच्यांना मिळते. मिळू दे.

कॉलेज त्याला विसरलं, असं मात्र कुणी म्हणू नये. जानेवारीत स्पर्धा भरली की त्याला उद्घाटनाला बोलवायचे, खुर्चीवर बसवायचे, शाल आणि नारळ द्यायचे. माढ्याला, करमाळ्याला स्पर्धा झाली की तिथनंही एखादी शाल यायची. नारळ शांता चटणीला घ्यायची. शाल मी हातात धरून बघायचो... वीण इतकी विरळ की आरपार उजेड दिसायचा. असलं कापड मी मागावरनं काढलं असतं तर मालकानं तोंडावर फेकलं असतं. ढीग झाला तेव्हा शांतानं त्या शाली एकावर एक घालून वाकळ शिवायला घेतली. तीन बाजू पक्क्या शिवल्या, चौथी उघडी ठेवली. दर वर्षी नवी शाल तिथनं आत सारायची आणि कच्चा टाका घालायची. गौतम ती अंगावर ओढून म्हणायचा, "आण्णा, ही माझी पेन्शन. दरसाल वाढती बगा."

"वाढती," शांता चुलीपासनं म्हणायची, "पर ऊब काय येत न्हाय."

मागच्या आठवड्यात कॉलेजातले नवे क्रीडाशिक्षक घरी आले. यंदापासून कपाला गौतमचं नाव द्यायचं ठरलंय, घरच्यांच्या वतीनं सत्कार घ्यायला या, म्हणाले. माझी इच्छा नव्हती. शांता म्हणाली, "जावा आण्णा, त्येंचं नाव तरी लागंल." म्हणून गेलो.

स्टेजवर शाल पुढं आली तेव्हा मी आधी माईक मागितला. समोर पोरं टीमच्या कपड्यांत मांडी घालून बसली होती. मी विचारलं, "पोरांनो, शेवटच्या वर्षाला कोण कोण हाय? त्यातलं परीक्षेला कोण बसणार? हात वर करा." साधा प्रश्न होता. पण हात वर आले नाहीत. पोरांनी आधी त्या नव्या सरांकडं बघितलं... सरांनी हसून मान हलवली, मग हात वर आले. टाळ्या पडल्या.

मी म्हणालो, "माझ्या भावाचं नाव कपाला लावू नका. ही पोरं तुमच्याकडं न बगता हात वर करतील त्या दिवशी लावा." शाल टेबलावरच ठेवली आणि खाली उतरलो. मागनं माईकवर कुणीतरी म्हणालं, "आजोबा रागावले," आणि लोक हसले. हसू देत. ज्यांची पोरं मैदानावर आहेत, त्यांनी पेपरच्या दिवशी पोराला स्वतः वर्गाच्या दारापर्यंत सोडून यावं. माझं एवढंच सांगणं आहे.

घरी आलो तर शांता दारातच बसली होती. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"आणली न्हाय?"

"न्हाय."

"आन् नाव?"

"नगं म्हणून आलो."

तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, चिडली. चिडायचा हक्क होता तिला, नाव तिच्या नवऱ्याचं होतं... मग ती उठली, आतनं वाकळ आणली आणि माझ्यासमोर पसरली. अंत्ययात्रा निघण्याआधी गौतमच्या अंगावरनं उतरवून ठेवलेली कॉलेजची ती शेवटची शाल तिनं उघड्या बाजूनं आत सारली, हातानं सपाट केली. दोरा तोंडात ओला करून सुईत ओवला, दुहेरी.

"आण्णा," ती म्हणाली, "जरा ते टोक धरा. बंद करून टाकती."

मी टोक धरलं.